मूळपुरुषाचा शंख

त्या काठावर एकाचंही घर त्याने स्वतः बांधलेलं नव्हतं.

तिथे शंखात राहणारे खेकडे होते. पुढून त्यांना नांग्या होत्या, पाय होते, मिजास होती. मागून मात्र अंग मऊ, वळलेलं, साल काढल्यासारखं उघडं. ते झाकायला शंख लागतो, आणि शंख कुणाला करता येत नाही. समुद्रात गोगलगाय मरते, तिचा शंख लाटेबरोबर येतो, सापडेल तो त्यात शिरतो. अंग वाढलं की तो सोडायचा आणि मोठा शोधायचा. म्हणजे जन्मभर मेलेल्याच्या घरात राहायचं, तेही थोडे दिवस. इतकं असूनही त्या काठावर 'माझं घर' हे शब्द लाटांपेक्षा जास्त ऐकू येत.

लहान शंख रोज येत. मोठे यायचे बंद झाले होते. त्यामुळे लहानांचं बरं चाललं होतं आणि मोठे सगळे अंग आवळून राहत होते. आवळून राहणारा चिडका होतो. काठ चिडका होता.

शेवटचा मोठा शंख आला त्याला कितीतरी पिढ्या झाल्या. तो काठाच्या खडकाळ भागात, खडपावर, एका उंच दगडावर ठेवलेला होता. दिसायला रिकामा, पण त्यात मूळपुरुष राहतो असं सगळे मानत. मूळपुरुष दुसऱ्या कुठल्या तरी काठावरून उघडा आला आणि इथे त्याला आत घेतलं, एवढीच त्यांची पोथी. कुणी घेतलं, कसं घेतलं, ते पुसून गेलं होतं. वर्षातून एकदा, सगळ्यात मोठ्या ओहोटीच्या दिवशी, सगळे त्या दगडासमोर ओळ धरत. मोठा पुढे, त्याच्यामागे त्याहून लहान, त्याच्यामागे त्याहून लहान, आणि प्रत्येकाची नांगी पुढच्याच्या शंखावर. पुढचा म्हणे, "उघडा आला." मागचे म्हणत, "आत घेतला." मग प्रत्येक जण गव्हाच्या दाण्याएवढा शंखाबाहेर येई आणि लगेच आत जाई. याला ते 'उघडं होणं' म्हणत. दाण्याहून जास्त कुणी बाहेर आला तर शेजारचा चिमटा काढी. ओळ कशासाठी धरायची हे कुणी विचारत नसे. बाप धरत होता, म्हणून धरायची.

दगडाची राखण नांगीबुवाकडे होती. तो काठावरचा सगळ्यात मोठा. वारा सुटला की त्या शंखातून घुमल्यासारखा आवाज येई. बुवा कान लावून उभा राही आणि मूळपुरुष काय म्हणाला ते लोकांना सांगे. बहुतेक वेळा मूळपुरुष थांबायला सांगत असे.

पण बुवा लबाड नव्हता, हे सांगितलं पाहिजे. त्याचा स्वतःचा शंख त्याला इतका लहान झाला होता की मागचा एक पाय आत दबून बधिर पडला होता. चार पावलं चढून तो त्या मोठ्या शंखात ऐसपैस राहू शकला असता. राहिला नाही. म्हणूनच त्याला मान होता. आया पोरांना लांबून दाखवत आणि म्हणत, बघ, याला म्हणतात सोडणं.

मोठ्या ओहोटीला सात दिवस होते तेव्हा खडपावरून दोन जीव आले.

पलीकडच्या काठावर माणसं टोपल्या घेऊन आली होती. त्यांनी शंख वेचले आणि आत राहणाऱ्यांना झटकून वाळूत टाकलं. तिथून चाळीसएक निघाले. वाटेत वर कुरव फिरत होते, पांढरे, मोठ्या चोचीचे पक्षी, त्यांना उघडा खेकडा म्हणजे सोललेलं फळ. पोचले दोघं. एक म्हातारा, अंगाने बोराएवढा. दुसरी रेवू. ती चांगली मोठी होती आणि तिच्या पोटाखाली अंडी होती, घोसच्या घोस.

 काठावर सगळे एकदम बोलायला लागले.

बुवाच्या खालोखाल मोठा होता गुळगुळशेट. त्याचा शंख घासून घासून गुळगुळीत केलेला, म्हणून हे नाव. तो पुढे आला.

"बाई, आम्हाला वाईट वाटतं," तो रेवूला म्हणाला. "पण आमचेच लोक आवळून राहिलेत. आज तुम्ही दोघं आलात. उद्या काठ भरला तर आम्ही जायचं कुठे?"

"उद्याला उरलंय कोण?" म्हातारा म्हणाला. "आमच्यातले बाकीचे वाटेतच उचलून नेले पाखरांनी. तुमची काळजी त्यांनीच मिटवली."

लहान शंख किनाऱ्यावर पडलेले होते. म्हातारा एकाकडे वळला तेव्हा शेटने नांगी आडवी घातली. लाटेने टाकलेलं ते काठावर जन्मलेल्यांचं, असा नियम आहे म्हणाला. नियम त्याने तेव्हाच केला होता, पण आवाज जुन्या नियमाचा होता. म्हाताऱ्याने वाद घातला नाही. माणसांनी फेकलेल्या बाटलीचं एक लाल टोपण पडलं होतं, त्याला कुणाची ना नव्हती. तो त्यात बसला. तेव्हापासून त्याला सगळे टोपणराव म्हणायला लागले.

"ऐन उन्हाळ्यात लाल रंगाचं घर," तो म्हणाला. "पाखरांना लांबून दिसेल. पत्ता विचारायला नको."

रेवूचं तसं होणार नव्हतं. तिच्या अंगाला बसेल असा मोकळा शंखच काठावर नव्हता. करवंटीत ती मावेना धड, तिच्यातून लोंबे. बांबूचं नळकांडं होतं, पण या जातीचं अंग वळलेलं. सरळ पोकळीत ते धरत नाही. कायम पाण्यात राहावं तर गुदमरायला होतं. कोरड्यात राहावं तर अंडी सुकतात. शंख असला की त्यात घोटभर पाणी धरता येतं, अंडी ओली राहतात आणि दिवस भरले की ती समुद्रात सोडता येतात. रेवूचे दिवस भरायला नऊ दिवस होते.

खरबी नावाची एक बाई होती. तिचा शंख खरबरीत, कडेला टवका गेलेला, आणि बोलणंही तसंच. सगळे तिला आत्या म्हणत आणि तिच्यापासून दोन हात लांब राहत. तिने रेवूला ढकलत ढकलत मूळपुरुषाच्या दगडाखालच्या फटीत नेऊन बसवलं, वर ओलं शेवाळ टाकलं. मग खाली डबक्यापर्यंत गेली, शंखात पाणी भरून घेतलं, वर आली, ते अंड्यांवर सोडलं. ते सुकायच्या आत पुन्हा खाली. पुन्हा वर. उन्हात तेवढी एकच गोष्ट काठावर हलत होती.

दुसऱ्या दिवशी रेवू म्हणाली, "आत्या, बसा जरा. तुमचे पाय झिजले."

"बसून पाणी वर येतं होय?"

तिसऱ्या दिवशी खरबी म्हणाली, "तू माझ्यापेक्षा थोडी लहान. माझा शंख तुला बसेल. घे."

"आणि तुम्ही?"

"माझं काय राहिलंय?"

"नको," रेवू म्हणाली. "मग तुमच्यावर पाणी घालायला मला फिरावं लागेल. एकीच्या जागी दुसरी उघडी, एवढंच होईल."

हे खरं होतं. खरबी पाणी आणायला निघाली ती हेच घोळवत. खाली जाताना घोळवलं, वर येताना घोळवलं. चढउतार करणाऱ्याला विचार करायला वेळ मिळतो. बसून राहणाऱ्याला तो का मिळत नाही, कळत नाही. माझा शंख हिला द्यायचा तर मला माझ्याहून मोठा पाहिजे. तो ज्याच्या अंगावर आहे त्याला त्याच्याहून मोठा पाहिजे. असं चढत चढत ती दगडाशी आली आणि वर बघून थांबली. पाणी गळून गेलं तरी तिला कळलं नाही.

चौथ्या दिवशी ती नांगीबुवाकडे गेली.

"बुवा, तुम्ही सरका."

"कुठे?"

"वर. त्या मोठ्या शंखात. तुमचा शेट घेईल. शेटचा त्याच्यामागचा. असं सरकत सरकत माझ्यापुढच्याचा मी घेईन, माझा रेवूला. एकही उघडा राहत नाही. सगळ्यांना अंग हलवायला जागा होईल ते वेगळंच."

बुवाने वर दगडाकडे पाहिलं. या बाईने किती भयंकर गोष्ट सांगितली होती ते तिला कळलेलं दिसत नव्हतं.

"तो शंख मूळपुरुषाचा आहे," तो म्हणाला.

"तो उघडा आला होता ना? मग त्याला काय ते कळेल."

"खरबे, मी जन्मभर त्याच्याखाली उभा आहे. पाय गेला माझा. रोज वाटायचं, चढावं. रोज नाही चढलो. आणि आता चढू? लोक काय म्हणतील? म्हातारपणी बुवाचा तोल गेला. परकी बाई नुसतं निमित्त, याला घर पाहिजे होतं."

"म्हणतील," खरबी म्हणाली. "शेट तर पहिला म्हणेल."

"मग माझ्या इतक्या वर्षांच्या आवळण्याचं काय?"

"ते तुमचं तुम्हाला ठाऊक. त्याने एकालाही जागा झालेली नाही, एवढं मला दिसतं."

बुवाला राग आला. दुसऱ्याला द्यायला सांगितलं असतं तर त्याने दिलं असतं. जेवण, पाणी, दुसरा पायसुद्धा. पण ही त्याला घ्यायला सांगत होती. सगळ्यांदेखत सगळ्यात मोठी वस्तू स्वतः घ्यायची, तेव्हा कुठे खालच्या टोकाला त्या बाईला काहीतरी मिळणार. असलं पुण्य त्याने कधी ऐकलं नव्हतं. तो शंखाला कान लावायला गेला. वारा होता. शंख घुमत होता.

"थांबा म्हणतो," तो खाली येऊन म्हणाला.

"माझा शंख मला सापडला तेव्हा तोही असाच घुमत होता," खरबी म्हणाली. "मी आत गेले, गप्प झाला." आणि ती पाणी आणायला गेली.

त्या दिवसापासून बुवाला झोप नव्हती. तो दगडाभोवती फिरायचा, फटीत डोकवायचा, रेवू बघते असं वाटलं की मागे सरायचा. ती काही मागत नव्हती. मागितलं असतं तर त्याला नाही म्हणता आलं असतं आणि बरं वाटलं असतं. अंड्यांचा रंग बदलत चालला होता, बारीक काळे ठिपके दिसायला लागले होते. कडेची काही पांढरी पडून सुकली होती. बुवा ती रोज मोजत होता, आणि कालच्यापेक्षा आज जास्त निघत होती. समुद्र रोज थोडा लांब जात होता. खरबीची वाट रोज लांबत होती, आणि तीही रोज हळू होत होती.

सातव्या दिवशी समुद्र इतका मागे गेला की तळाची काळी वाळू दिसायला लागली. खडपातली डबकी आटली. खरबी सकाळी खाली गेली ती दुपारपर्यंत आलीच नाही. आली तेव्हा शंखात पाणी निम्मं होतं.

ओळीचा दिवस तो. लहानमोठे सगळे दगडासमोर जमले. बुवा पुढे, त्याच्यामागे शेट, मग त्यामागचे, आणि पुढच्याच्या शंखावर नांगी ठेवत ओळ खडपावरून खाली वाळूपर्यंत गेली. खरबीची जागा सातवी. ती आपल्या जागेवर आली, पण एकटी नाही. रेवूला तिने फटीतून बाहेर काढलं होतं. आपल्या मागे, आपल्याहून लहान आणि त्यामागच्याहून मोठी अशी तिची जी जागा होत होती, तिथे तिने तिला उभं केलं आणि तिची नांगी आपल्या शंखावर ठेवली.

ओळ कुजबुजली. तिच्यामागचा म्हणाला, "अहो आत्या, ही पूजा आहे."

"मग धर नीट," खरबी म्हणाली.

ऊन माथ्यावर होतं. लांब ओहोटीच्या कडेला कुरव उतरलेले होते. त्यातल्या दोघांनी मान वळवली आणि उडाले.

बुवाने शंखाकडे तोंड केलं आणि म्हटलं, "उघडा आला."

मागून उत्तर आलं नाही. दरवर्षी ते विचार न करता येई. आज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ती उघडी बाई होती, आणि 'आत घेतला' हे शब्द कुणाच्या तोंडातून निघेनात. निघाले असते तर खोटे झाले असते, आणि देवासमोर उघड उघड खोटं बोलायची त्या लोकांना सवय नव्हती. नकळत बोलायची होती.

बुवा थांबला. वाराही पडला होता. शंख काही सांगेना. वर पांढरे पंख गोल फिरत होते आणि गोल लहान होत चालला होता. बुवाने मागे वळून रेवूकडे पाहिलं. तिने एका नांगीने खरबीचा शंख धरला होता आणि दुसरी अंड्यांवर सावलीसारखी धरली होती. ती नांगी केवढीशी, सावली केवढीशी.

बुवा बाहेर आला.

दाण्याएवढा नाही. त्याने पाय रोवले आणि स्वतःला ओढलं. इतक्या वर्षांत शंख अंगाला धरला होता; निघेना. त्याने पुन्हा ओढलं, काहीतरी तुटल्याचा आवाज झाला, आणि तो उन्हात उभा राहिला. मागचा बधिर पाय आतच राहिला होता. काठाने आपला बुवा पहिल्यांदा पाहिला: मऊ, वळलेला, फिकट. तो लंगडत चार पावलं चढला आणि मूळपुरुषाच्या शंखात मागे मागे शिरू लागला.

"घेतलाच शेवटी," गुळगुळशेट म्हणाला. पण त्याच्यासमोर त्याच्या मापाचा मोठा शंख रिकामा पडला होता आणि अंग कधीचं दुखत होतं. बोलता बोलताच तो बाहेर आला. त्याच्यामागचा बाहेर आला. त्याच्यामागचा.

कसं करायचं ते कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. अंगालाच माहीत होतं.

पण शेट अडला. बुवाचा पाय आत होता, तो निघेपर्यंत त्याला शिरता येईना. शेट अडला म्हणून त्याच्यामागचे अडले. शेटपासून खरबीपर्यंत सहा, सातवी रेवू, भर दुपारी, भर खडपावर, सगळे उघडे. आणि कुरव खाली आले.

ज्यांनी त्या वेळी वर पाहिलं नाही, आजूबाजूला पाहिलं, त्यांना एक गोष्ट दिसली. सात मऊ अंगं एकामागे एक होती, एकाच बाजूला वळलेली, एकाच फिकट रंगाची. ओळीच्या शेवटी उभे असलेले लहान खेकडे बघत होते. त्यातल्या एकाने शेजारच्याला विचारलं, "यातली बाहेरची कोण?" शेजाऱ्याने पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि त्याला सांगता आलं नाही.

त्याच वेळी कडेच्या खडकावर लाल काहीतरी चमकलं. टोपणराव केव्हाच वर चढला होता. त्याने टोपणातून अंग काढून घेतलं आणि ते उतारावर ढकलून दिलं. टोपण टणटण उड्या मारत निघालं. दोन्ही कुरव त्यावर वळले. एकाने ते उचललं, दुसरा त्याच्यामागे लागला, आणि भांडत भांडत दोघं पाण्याकडे गेले.

"घर चांगलं होतं," टोपणराव म्हणाला. "फक्त दार लावता येत नव्हतं."

शेटने पाय बाहेर काढून टाकला आणि आत शिरला. मग सगळं झपझप झालं. खरबी पुढच्याच्या शंखात गेली, तो तिला सैल झाला, ती त्यात कुरकुरली. रेवू खरबीच्या शंखात शिरली. कडेचा टवका तिच्या बाजूला आला. खरबीने ठेवलेलं निम्मं पाणी तळाला होतं.

टोपणराव खडकावर उघडाच होता. वाळूवरून एक लहानसा पांढरा शंख कुणीतरी त्याच्याकडे लोटला. कुणी, ते त्याने विचारलं नाही. गुळगुळशेट दुसरीकडे बघत होता.

नंतर काठ खूप बोलला. बुवाला घर पाहिजे होतं, हे बोलणं पुष्कळ दिवस चाललं. बुवा ते ऐकत होता आणि काही सांगत नव्हता. वारा सुटला तरी मोठा शंख आता घुमत नव्हता. त्यात मूळपुरुष नव्हता, हे बुवाला आत शिरताच कळलं होतं. अगदी आत, वळणाच्या टोकाला, भिंत गुळगुळीत झिजलेली होती. अनेकांची अंगं घासून झिजते तशी. हेही त्याने कुणाला सांगितलं नाही.

दोन दिवसांनी, भरतीच्या वेळी, रेवू पाण्याच्या कडेला गेली. खरबी बरोबर होती. बाकीचे काही काम नसल्यासारखे मागे मागे आले. बुवाही आला, लंगडत, मोठं घर ओढत. रेवू लाटेत उभी राहिली, शंखाबाहेर अर्धी आली आणि अंग झटकलं. पाणी क्षणभर गढूळ झालं. मग दिसलं ते गढूळ नव्हतं. हजारो ठिपके होते, हलणारे, कशानेही न झाकलेले. लाट परतली आणि त्यांना घेऊन गेली. ते कुठल्या काठाला लागतील ते कुणालाच सांगता आलं नसतं. काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी अशाच लाटेने आणून टाकलं होतं.

ठिपके दिसेनासे झाले तरी कुणी हललं नाही. मग बुवा समुद्राकडे तोंड करून म्हणाला, "उघडा आला."

मागच्यांनी उत्तर दिलं नाही. ते सगळे मान उंच करून, पाण्यापलीकडून 'आत घेतला' असं काही ऐकू येतंय का ते ऐकत उभे होते.